कासव घेऊन देशावर

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "बाई, कासव कुठंय?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगून थकले. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढते. आमच्या किनाऱ्यावरच्या बहुतेकांनी शिरूर-दौंडकडचा मुलूख पाहिलेला नाही, त्यांना तोही थोडा कळेल.

आधी माझ्याबद्दल. मी दापोलीच्या खालच्या अंगाला, समुद्रालगतच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि सकाळी वाळूत फिरून समुद्राने ओकलेलं प्लास्टिक गोळा करते. त्याच्या वस्तू बनवते. लोक आधी मला वेडी म्हणत, मग भंगारवाली म्हणू लागले, आणि पेपरात फोटो आल्यावर कलाकार. काम तेच, फक्त हाक मारणाऱ्यांचा सूर बदलला.

काही वर्षांपूर्वी एक कासवीण मरून आमच्या किनाऱ्याला लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी वाळूतच तिचं पोट फाडलं, तेव्हा आतून निळ्या पिशवीच्या चिंध्या, फुग्याची फीत, शाम्पूच्या पुड्या आणि बाटल्यांची बुचं निघाली. सगळ्यांनी नाकाला पदर लावले. मी ते सगळं गोळा केलं, धुतलं आणि जपून ठेवलं. पुढे त्या ऐवजाभोवतीच हे कासव उभं राहिलं. सळईचा सांगाडा, त्यावर चपलांचे तळवे, टूथब्रश, जाळी तरंगती ठेवणाऱ्या बोयांचे तुकडे, जाळ्यांच्या दोऱ्या, सगळं तारेने आणि नायलॉनने शिवलेलं. पाठीच्या मधोमध मात्र तिच्या पोटातला ऐवज, तसाच, बिनरंगाचा. बाकी कासव पुन्हा करता आलं असतं. तो मधला भाग पुन्हा होणार नव्हता. ती कासवीण कशाने मेली याचा तेवढाच पुरावा जगात उरला होता, आणि तो माझ्याकडे होता.

उन्हाळ्यात कासव मुंबईच्या एका कलादालनात जाणार होतं. पण कलादालनात येणारी माणसं आधीच हळहळत येतात, बाहेर जाऊन चहा पितात. मला ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही अशांना ते दाखवायचं होतं. माझी मैत्रीण प्रज्ञा गायकवाड दौंडला राहते, भीमेकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, "घेऊन ये इकडं. आमची पोरं नदीलाच समुद्र समजतात." आणि आमच्या गावचे इब्राहिमभाई सुकी मासळी घेऊन देशावरच्या बाजारांना जातातच. त्यांच्या टेम्पोत सुकट-बोंबलांच्या गोणींवर कासव चढलं, पुढे मी बसले. मनात पक्कं होतं, की तिकडच्या चार माणसांना जरी हे भिडलं, तरी आयुष्यातल्या इतक्या सकाळी फुकट गेल्या नाहीत असं म्हणता येईल.

शिरूर

देशावर सुकटीला केवढी किंमत आहे हे शिरूरला कळलं. टेम्पो बाजारात उभा राहून ताडपत्री निघायचा अवकाश, बायका जमल्या. आमच्याकडे जवळा म्हणजे घाईच्या दिवशीचं कालवण, इथे तो चिमटीने मोजूनमापून घेतात आणि भाकरीबरोबर चवीने खातात.

एक आजीबाई गोणीत हात घालता घालता कासवापाशी थबकल्या. "ह्यो कंचा मासा म्हनायचा?"

"आजी, हे कासव आहे. प्लास्टिकचं."

"आगं बया! आन् वास कसा मंग मासळीचा येतोय?" त्यांनी कासवाची पाठ जवळ जाऊन हुंगली. "कसं दिलं?"

इब्राहिमभाई टेम्पोच्या दाराला टेकून हसत होते. विकायचं नाही म्हटल्यावर आजी रागावल्या. बाजारात आणायचं आणि विकायचं नाही, ही कुठली रीत? त्यांचंही बरोबरच होतं.

दुपारी एका शाळेत गेलो. मुलांनी गराडा घातला. मी कासविणीची गोष्ट सांगितली, पोटाचा भाग दाखवला, दोन-तीन मुलींचे डोळे भरले. मला वाटलं, जमलं. मग मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "टाकाऊतून टिकाऊचा इतका सुंदर नमुना आपण आजवर पाहिला नव्हता." टाळ्या झाल्या. मी पुन्हा उठून सांगितलं, सर, हे टिकाऊ आहे हेच तर रडगाणं आहे. ते समजूतदारपणे हसले आणि श्रीफळ दिलं.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी शाळेने पुन्हा बोलावलं. पटांगणात पोरांनी रातोरात केलेली कासवं मांडली होती. स्ट्रॉची, पांढऱ्याशुभ्र ग्लासांची, चमच्यांची. एकही वस्तू वापरलेली नव्हती. नदीवेशीपासून एसटी स्टँडपर्यंत पोरांनी दुकानं पालथी घालून सगळं नवंकोरं विकत आणलं होतं.

"अगं, घरातला कचरा का नाही घेतलास?" मी एका चुणचुणीत मुलीला विचारलं.

"मॅडम, त्यो घान असतोय. आई म्हनली, मॅडमला दाखवायचं तर चांगलं ने."

तिच्या आईची चूक नव्हती. पाहुण्याला फुटक्या कपात चहा कोण देतं? मी तिच्या कासवाचं कौतुक केलं, कारण ते खरंच छान झालं होतं, आणि टेम्पोत जाऊन बसले.

कारेगाव

शिरूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की रांजणगावची औद्योगिक वसाहत येते, आणि तिच्या कुशीला कारेगाव. शेतकऱ्यांनी शेतातच चाळी उठवल्या आहेत. एकेका खोलीत चार-चार जण, पाळ्यांप्रमाणे झोपणारे. प्रज्ञाचा धाकटा भाऊ इथे एका कारखान्यात कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी त्याने कासव चाळीच्या अंगणात मांडलं. वर दोरी, दोरीवर निळे युनिफॉर्म, आणि खाली आमचं कासव.

बिहारचा सुरेश नावाचा एक कामगार उकिडवा बसून कासवाच्या मानेवरची बुचं न्याहाळत होता. एक बूच अंगठ्याने पुसून तो ओरडला, "अरे, ये तो हमारी मशीन का है!" आतल्या बाजूला साच्याची खूण होती, ती त्याने मला दाखवली. मग सगळ्या खोल्यांतून माणसं बोलावून आणली. "देखो, अपना माल समुंदर तक गया!"

मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "बुरा नहीं लगता?"

"बुरा क्यों लगेगा, मैडम? हमारे गाँव में किसी ने समुंदर देखा ही नहीं. मैंने भी नहीं देखा. और मेरा ढक्कन घूम के आ गया!"

इतका निखळ आनंद मला बऱ्याच दिवसांत कोणाच्या चेहऱ्यावर दिसला नव्हता, आणि तो नेमका यासाठी असावा! तो दिवसभर बुचं पाडतो, डोळ्यांपुढून लाखो जातात, एकाचंही पुढे काय झालं ते त्याला कळत नाही. आज एक भेटलं होतं. मी त्याला काय सांगणार होते? त्याने आग्रहाने जेवायला थांबवलं. भाजलेल्या वांग्याचा चोखा, कणकेचे जाड गोळे, आणि शेजारच्या खोलीतून आलेला मिरचीचा ठेचा. चोखा-ठेचा एका घासात खाल्ला की डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे माझं कोणाच्या लक्षात आलं नाही.

न्हावरे

न्हावऱ्याला इब्राहिमभाईंच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी मुक्काम. घरच्या अलकावहिनी गाईंच्या धारा काढता काढता माझ्याशी बोलत होत्या. अंगणात कांद्याचा ढीग, मागे ऊस. आमच्याकडे घर झाडांत लपलेलं असतं, इथे घरातून पार क्षितिजापर्यंत दिसतं. पहिल्या दिवशी मला उघड्यावर पडल्यासारखं झालं. रात्री हुलग्याची शेंगोळी होती. कढत, तिखट, लसणाचा घमघमाट. भातावाचून माझं पान हलत नाही अशी माझी समजूत होती, ती शेंगोळीने मोडली.

वहिनींना समुद्राबद्दल एकच शंका होती. "पानी खारट असतंय म्हनत्यात, खरं का?"

"अगदी."

"मंग तुमी मीठ इकत कशापायी घेता?"

आजवर हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

सकाळी वहिनींनी अंघोळीला बोलावलं. तांब्याचा बंब, कढत पाणी, चकचकीत घासलेली बादली. कोकणातल्या दमट अंगाला ही देशावरची कोरडी थंडी सोसत नाही, मी मनसोक्त पाणी घेतलं. बाहेर आले तर अंगणभर काळा धूर. वहिनी बंबाच्या तोंडात दुधाच्या पिशव्या आणि फाटक्या चपलेचा तुकडा सारत होत्या.

"उसाचं पाचट लवकर धरत न्हाई. पिशवी टाकली की कसं भडाडा पेटतंय," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तुमच्यासाठी मुद्दाम जास्तीच्या घातल्या. आन् त्या तुमच्या कासवाच्या उरल्यासुरल्या चपला असत्याल तर जाताना ठिवून जा. आमाला कामाला येतील."

काल रात्री याच वहिनी कासविणीची गोष्ट ऐकून पदराने डोळे पुसत होत्या. तेही खरं होतं आणि हेही. माझ्या केसांना दिवसभर जळक्या चपलेचा वास येत होता, आणि खोबरेल लावूनही तो गेला नाही.

भीमेकाठ

या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात तिथल्या कोणाचाच दोष नाही, आणि नाव छापलं की लोक दोष शोधू लागतात.

न्हावऱ्याहून खाली उतरत आलं की भीमा लागते. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. नदी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या खाडीचं भरती-ओहोटीचं पाणी असतं. इथे पुलावरून पाहिलं तर पाणी दिसेना, नुसती हिरवी जलपर्णी, आणि फट पडेल तिथे काळा, फेसाळ डाग. वर पुण्याच्या नद्या येऊन मिळतात, त्यांच्याबरोबर अख्खं शहर वाहत येतं. काठच्या बाभळींना पुराच्या उंचीपर्यंत पिशव्या लटकलेल्या. मी इब्राहिमभाईंना गाडी थांबवायला सांगितली.

"बाई, आपण उगाच इतकं डिझेल जाळून कासव आणलं," ते म्हणाले. "इथं हे दाखवायचं म्हणजे माशाला पाणी दाखवायचं."

प्रज्ञाची शाळा मात्र फार चांगली गेली. तिने पोरांची आधीपासून तयारी करून घेतली होती. गावातली, बौद्धवाडीतली, ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांतली, सगळी एका रांगेत. कोणी टाकाऊ म्हणालं नाही, कोणी टिकाऊ म्हणालं नाही. एका मुलाने विचारलं, "मॅडम, तिला दुखलं असंल का?"

दाराशी एक म्हातारे उभे राहून ऐकत होते. हडकुळे, उन्हाने काळेभोर, हातात टोपी. हे आबा. जन्मभर भीमेत जाळं टाकलेला माणूस. मुलं गेल्यावर ते आत आले, कासवापुढे मांडी घालून बसले आणि पाठीच्या मधल्या भागावर अलगद हात ठेवला.

"हे तिच्या प्वाटातलं?"

"हो, आबा."

"आमच्या नदीत व्हती कासवं. थाळ्याएवढी. जाळ्यात आलं की आमी सोडून द्याचो. देवाचं जनावर." ते थांबले. "तवा पानी प्यायचो आमी हितलं, ओंजळीनं. आता जाळ्यात काय येतंय म्हायती हाय का? ह्येच येतंय. मासा एक, आन् पिशव्या शंभर. पोरं म्हनत्यात, आबा, सोडा आता. न्हाई सोडवत."

मग ते रडले. मोठ्याने नाही, नाक ओढत, लहान मुलासारखे. मी प्रज्ञाकडे पाहिलं. मला जे चार भेटायला हवे होते त्यांतला पहिला भेटला होता, आणि त्या एकाच्या जोरावर मी आणखी दहा वर्षं वाळू तुडवली असती.

दोन दिवसांवर महाशिवरात्र होती. नदीकाठी महादेवाचं जुनं देऊळ आहे, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून लोक येतात. आबा म्हणाले, "बाई, ह्येला यात्रेला देवळात ठिवू. समदे येत्यात. समद्यांनी बगाय पायजे." महादेवापुढे दगडी कासव असतंच, त्याच्या शेजारी हे शोभून दिसेल.

प्रज्ञाला पटलं नाही. "शाळेत ते सगळ्यांचं होतं. देवळात ठेवलंस की आमच्या बौद्धवाडीतली पोरं बिचकत येतील. आणि तिथं लोक बघत नाहीत गं, पाया पडतात."

तिचं म्हणणं मला कळत होतं, पण यात्रेची गर्दी डोळ्यांपुढे नाचत होती. एवढी माणसं मला कोणत्या कलादालनात मिळणार होती? इब्राहिमभाईंनी आणि गावातल्या चौघांनी मिळून कासव उचलून सभामंडपात ठेवलं. यात्रेच्या सकाळी पाहते तो कपाळावर हळदकुंकू, पाठीवर बेलाची पानं. बायका दगडी कासवाला हात लावत, मग आमच्या कासवाला, मग शिवलिंगाकडे जात. आबा जवळ बसून प्रत्येकाला गोष्ट सांगत होते, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगत होते. त्यांच्या गोष्टीत कासवीण शेवटचा श्वास घेताना देवाला विचारते, मी काय खाल्लं रं?

मी आनंदाने एका खांबाला टेकून बसले होते. प्रज्ञा देवळाबाहेर पारावर थांबली होती. दुपारी तिच्याबरोबर मी दौंडला गेले. तिकडच्या दोन शाळांत फोटो दाखवायचे ठरले होते. कासव आबांच्या हवाली केलं.

दौंड

दौंड म्हणजे रेल्वे. गावात कुठेही उभं राहा, इंजिनाची शिट्टी ऐकू येते, आणि घरातली माणसं बोलता बोलता थांबून शिट्टी संपली की वाक्य पुढे चालू करतात. प्रज्ञाच्या आईने प्रेमाने खाऊ घातलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली जेवताना त्या मला म्हणाल्या, "बाई, तुमी माणसांना लाज वाटावी म्हणून करता ना हे? लाज वाटायला आधी माणसाला रिकामपण लागतं." त्यांचा रोख बहुधा सगळ्यांवरच होता.

स्टेशनाजवळच्या एका शाळेतून खिडकीबाहेर रूळ दिसत होते, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना गाडीतून फेकलेल्या बाटल्यांची पांढरी किनार. मी फोटो दाखवत होते आणि मुलं खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर जे होतं तेच आत दाखवायला मी इतक्या लांबून आले होते.

पण मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. मला आबा आठवत होते.

बंधारा

इब्राहिमभाई बाजार उरकून आले तसे आम्ही तिघं कासव घ्यायला गेलो. सभामंडप धुऊन स्वच्छ केलेला. दगडी कासव होतं, आमचं नव्हतं. आबा पायरीवर बसले होते. मला पाहून ते लगबगीने उठले. घरातलं कोणी गेल्यावर पाहुण्यांना सामोरं जावं तसा त्यांचा चेहरा होता.

"बाई, ऐकून घ्या. गर्दीत कुनीतरी त्येच्या म्होरं नारळ फोडला. घाव मानंवर बसला. मुंडकं निखळलं." त्यांचा आवाज कापत होता. "भंगलेलं देवळात ठिवायचं नसतंय. दुसरीकडं टाकायचंबी नसतंय. तुमास्नी सांगाया मानूस धाडला व्हता, त्येला घर घावलं न्हाई. म्हनून मंग काल सकाळी... समदं रीतीनं केलं बाई. आरती केली. हलगी लावली. आमी समदे पान्यात उतरलो व्हतो."

मला अजून कळत नव्हतं. प्रज्ञाला कळलं होतं. तिने माझा दंड धरला.

"कुठं ठेवलंय, आबा?" मी विचारलं.

"ठिवलं न्हाई, बाई. शिरवलं."

नदीत. त्यांनी कासव नदीत शिरवलं होतं. बायका काठावर उभ्या राहून रडल्या होत्या म्हणे. आणि कासव बुडेना. प्लास्टिक ते, बुडणार कसं? दोनदा वर आलं. तरंगणं बरं नव्हे, म्हणून आबांनी स्वतः त्याच्या चारी पायांना धोंडे बांधले.

माझा तोल सुटला. मी त्या देवळाच्या दारात ओरडले. "आबा, समुद्रातून काढलेलं होतं ते! काढलेलं! एवढं सांगितलं तुम्हाला, तुम्ही रडलात, आणि तुम्हीच पाण्यात टाकलंत?"

"टाकलं न्हाई बाई," आबा कळवळून म्हणाले. "टाकीन कसं? पोटच्या पोरावानी न्हेलं त्येला."

त्या माणसावर रागावताही येईना. त्यांनी कचरा फेकला नव्हता. माझ्या कासवाला त्यांनी आजवर कोणीच दिला नव्हता असा मान दिला होता, आणि त्यांच्याकडे मान द्यायची जी एकच रीत होती ती नदीकडेच जात होती.

आबांची पत्र्याची होडी होती. तीत बसून आम्ही शोधायला निघालो. इब्राहिमभाई काठाने चालत होते. शिरवलं त्या जागी आबांनी वल्हं खुपसून पाहिलं, आकडा टाकून ओढलं. सांगाडा वर आला. धोंड्यांच्या ओझ्याने तारा तुटल्या होत्या, चार पायांना धोंडे तसेच, आणि वरची पाठ गेलेली. सगळं सुटून पाण्याबरोबर खाली निघून गेलं होतं.

"बंधाऱ्याला आडलं असंल," आबा म्हणाले. "समदं तितंच आडतंय."

वळण घेतलं आणि बंधारा दिसला. जलपर्णी इथे दाटून थांबली होती, आणि तिच्यात, तिच्यावर, बंधाऱ्याच्या, पाणी अडवणाऱ्या लोखंडी ढाप्यांपर्यंत, काठापासून काठापर्यंत तेच. चपला, बाटल्या, पिशव्या, बुचं, पुड्या, औषधांची पाकिटं, फोटोफ्रेमा, बाहुलीचं धड. वर बगळे चालत होते. वासाने प्रज्ञाने तोंड फिरवलं.

मी होडीतून वाकून उचलू लागले. एक चपलेचा तळवा सापडला, कडेला भोकं होती. मी शिवलेला? की कोण्या चांभाराने? एक निळी चिंधी सापडली. कासविणीच्या पोटातली निळी चिंधी मी कितीदा हाताळली होती, तिची प्रत्येक सुरकुती मला पाठ आहे असं मी लोकांना सांगत असे. तिच्या शेजारी दुसरी निळी चिंधी होती. पलीकडे तिसरी. शाम्पूची पुडी सापडली, तीच, त्याच रंगाची, आणि मग तशाच पुड्यांचा एक अख्खा थर. मी हातातली एकेक वस्तू उन्हात धरून पाहत होते, हुंगत होते, समुद्राचा काही वास येतो का. नदीचाच वास येत होता. ज्याने ती कासवीण मेली ते माझ्या हातात असेलही, नसेलही. मला ओळखता येत नव्हतं. इतकी वर्षं जे मी पुरावा म्हणून जपलं, त्याच्यात आणि या घाणीत फरक नव्हता, आणि फरक नव्हता हेच मी जगाला सांगत हिंडत होते. मला तेव्हा काही शिकल्यासारखं वाटलं नाही. हातातलं होडीत ठेवून मी खाली बसले.

आबा मात्र झपाट्याने एका खताच्या पोत्यात भरत होते. "ही आपलीच, बाई. ही बगा, हीबी आपलीच." जे हाताला लागेल ते त्यांना आमचंच वाटत होतं. पोतं गच्च भरल्यावर त्यांनी ते माझ्या पायांशी ठेवलं आणि ओले हात धोतराला पुसले.

मी रडत होते. ते खाली वाकले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी पोटातून, बापाने लेकीची समजूत काढावी तसे म्हणाले, "रडू नगा. तुमच्या हातात कला हाय. आमच्या हितं ऱ्हावा म्हैनाभर, आन् दुसरं करा. ह्येच्याहून थोरलं करा. माल काय कमी हाय व्हय?"

त्यांनी बंधाऱ्याकडे हात केला. मी तिकडे पाहिलं, आणि मग पाहवेना.